गगनवीराबद्दल रयतेचं एकमत

“तुमच्यापैकीच कुणीतरी माझा गगनवीर आभाळातून खाली पाडलाय,” करंजगडचे तुळाजीराव महाराज भर दरबारात कडाडले. “कोण तो, ते मला ठाऊक नाही. पण पाडलाय!”

जो तो आपापल्या जोड्यांकडे पाहू लागला.

झालं होतं असं. संस्थानची निम्मी तिजोरी ओतून महाराजांनी बोलपट काढला होता. त्यातला गगनवीर आभाळात उडे, फुटलेलं धरण छातीने थोपवी, एका ठोशात दैत्य लोळवी. संवाद होते मोरेश्वर सबनीसचे. मोरेश्वर नुकताच बी. ए. होऊन आला होता आणि एका बोलपटाने अख्खं संस्थान जागं होणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून त्याने गगनवीराच्या तोंडी, तेही उडता उडता, साक्षरतेवर सात मिनिटांचं भाषण घातलं. पहिल्या खेळाला त्या सात मिनिटांत सारा तंबू शेंगा घ्यायला बाहेर गेला. आत मोरेश्वर एकटाच टाळ्या वाजवत बसला होता.

बोलपट पाहून पैलवान म्हणाले, मारामारी कमी. सोनाराची काकू म्हणाली, मारामारी फार. कीर्तनकारबुवा दोनदा रडले आणि नेमके त्याच दोन जागी फौजदार हसले. कुणी तीनदा पाहिला, कुणी अर्ध्यातून उठला.

“शुक्रवारपर्यंत मला रयतेचं एक मत पाहिजे,” महाराज म्हणाले. “खरं, आणि सगळ्यांना मान्य असलेलं. एकानेही नकाराची मान हलवली, तर त्या रिळांची होळी करीन. सबनीस, लिहिलंत तुम्ही, मतही तुम्हीच आणा.”

मोरेश्वरने तीन महिने रक्त आटवून लिहिलेला बोलपट, त्याची दुसरी प्रतही नव्हती. वही घेऊन तो दारोदार फिरू लागला. “आशय भिडला का?” असं तो विचारी. लोक बिचारे पाणी देत. दोन दिवसांत दोनशे घरं झाली आणि मतं भरली तीनशे बारा. नवरा-बायकोचं जुळेना ते ठीक, पण काही जणांचं सकाळचं मत संध्याकाळी टिकेना.

शेवटी त्याने मतांचा नाद सोडला आणि साधी घडलेली गोष्टच धरली. बुधवारच्या बाजारात चौथऱ्यावर चढून तो म्हणाला, “गगनवीराने दैत्याला उजव्या हाताने मारलं. एवढं तरी सगळ्यांना मान्य?”

“डाव्या हाताने!” अर्धा बाजार ओरडला.

“डोळे फुटले का रे? उजव्या!” उरलेला अर्धा ओरडला. टोमॅटो उडू लागले. मोरेश्वरला दोन्ही बाजूंचे लागले.

“ह्या लोकांना काही कळतच नाही,” तंबूच्या दाराशी बसून सदरा पुसत तो म्हणाला.

दारावर तिकिटं फाडणारी गोजरा शिंपीण हसली. गगनवीराच्या पाठीवरची झूल तिनेच शिवली होती. “मास्तर, पडदा तंबूच्या मधोमध असतो. स्वस्तातलं तिकीट मागच्या बाजूचं. तिथून चित्र डाव्याचं उजवं दिसतं. तुम्ही कधी मागे बसलाच नाहीत.”

ज्या रयतेसाठी बोलपट लिहिला, ती कुठे बसते हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याने वही मिटली.

“एक मत आहे माझ्याकडे,” गोजरा म्हणाली. “रोज सगळे ह्याच दारातून बाहेर पडतात, मी ऐकते. शुक्रवारी मला बोलू द्या. तुम्हाला विचारलं, तर फक्त खोटं बोलू नका.”

शुक्रवारी तंबू खचाखच भरला. रिळांचे डबे मधे रचले होते, शेजारी रॉकेल.

गोजरा पुढे झाली. “महाराज, रयतेचं मत असं, जो तो म्हणतो: हा बोलपट माझ्या हाती दिला असता, तर मी याहून बरा काढला असता.”

“मान्य नसेल त्याने उभं राहावं,” महाराज म्हणाले. कुणी हललं नाही. त्यांनी पैलवानाकडे बोट केलं. “तू? तुला तर सही येत नाही.”

“सही नाही येत सरकार. मारामारी येते.”

“मी शेवटी आरती घातली असती,” बुवा म्हणाले.

“मी त्याला आधी पोटभर जेवू घातलं असतं. किती वाळलाय,” काकू म्हणाली.

“आणि सबनीस? तुम्हीच तर लिहिलात.”

मोरेश्वरच्या ओठांवर कला आणि समाज यांवरचं एक सुरेख वाक्य आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, “मी भाषण नऊ मिनिटांचं ठेवलं असतं, महाराज. मला कापायला लावलं.”

तंबूत असा हशा पिकला की कनाती हलल्या. अख्ख्या बोलपटाला एवढा पिकला नव्हता.

महाराज मात्र हसले नाहीत. “एक जण राहिला. मी. मला बोलपट आहे तस्साच पसंत आहे. मत फुटलं. काडी आणा.”

मोरेश्वरने डोळे मिटले.

“जशी आज्ञा,” गोजरा शांतपणे म्हणाली. “तेवढं एकच सांगा, सरकार. शेवटी गगनवीर उडी घेऊन डबक्यात पडतो, ते आपल्याच मनातलं?”

“डबक्यात? छे, छे! मी त्या दिग्दर्शकाला शंभरदा सांगितलं, बुरुजावरून उडी घ्या, खाली घोडा उभा करा, तो थेट खोगिरावर… मी असतो तर…”

महाराज थबकले. बुरुज दाखवायला उचललेला हात हवेतच राहिला. सगळा तंबू त्या हाताकडे पाहत होता.

मग ते हसू लागले. आधी मिशीत, मग पोट धरून, इतके की पगडी कलंडली. “उचला ते डबे! गोजरे, पुढचा बोलपट तू काढायचास. तिजोरी उघडी आहे. सबनीस तुझ्या हाताखाली.”

मागे उभ्या चवरीवाल्या भिवाजीने चवरी थांबवली आणि शेजारच्या भालदाराच्या कानाशी लागून म्हणाला, “महाराज हसले, पण घाई केली. मी असतो तर जरा थांबून हसलो असतो.”