राणीने कोंडलेली साळुंकी

एका राज्यात सगळी माणसं दुधासारखी गोरी होती, आणि राणी धवलावती त्या सगळ्यांहून गोरी. तिची लेक मात्र काळीभोर. दूरदेशीच्या पुरातून ती टोपलीत वाहत आली, सोबत एक बोलकी साळुंकी. राणीने लेकीला कडेवर घेतलं, कौतुकाने नाव ठेवलं शुभ्रा, आणि साळुंकीला मनोऱ्यात कोंडलं. कारण साळुंकी सारखं एकच सांगे, "हिची आई अशी हसायची. हिची आई अशी बघायची."

पुरात गेलेल्या बाईचा मत्सर राणीला शोभत नव्हता. तिलाही ते कळत होतं. पण जीव जळायचा तो जळायचाच.

शुभ्राच्या रंगाविषयी बोलायचं नाही, अशी दरबारची रीत. सगळे म्हणत, "रंग? आम्हाला तर दिसतच नाही." वेशीवरची पोरं तेवढी विचारत, "राजकन्ये, आज आंघोळ राहिली वाटतं?"

एके दिवशी शुभ्राने विचारलं, "आईसाहेब, मी कुणासारखी दिसते?"

"माझ्यासारखी," राणी म्हणाली.

आरशातले शुभ्राचे डोळे नाहीसे झाले.

पुढल्या वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. ओठ गेले. तिसऱ्या वर्षी सबंध चेहरा गेला, आणि मुलीचे हात धुक्यासारखे विरळ होऊ लागले.

तेव्हा राणी मनोरा चढली. "लेक विरत चालली. उपाय सांग."

"तू खोटं बोललीस, तेवढी ती पुसली गेली," साळुंकी म्हणाली. "आता तीन कामं कर. मला सोड. हिची आई कशी होती ते विचार. मग ऐकलेलं स्वतःच्या तोंडाने लेकीला सांग."

राणीने पिंजरा उघडला. "दुसरं जड आहे."

"तिसरं त्याहून."

राणीने विचारलं. ओठ चावत सगळं ऐकलं. मग खाली येऊन लेकीला आरशासमोर बसवलं.

"तुझे डोळे तिचे. ओठ तिचे. हा काळाभोर, देखणा रंग तिचा. गालावरची खळी, तीही तिचीच." राणी थांबली. "माझं काही नाही."

शब्दागणिक आरशात चेहरा भरत गेला. हात घट्ट झाले. खोट्याचा शाप उतरला, आणि दरबाऱ्यांनाही रंग दिसू लागला.

शुभ्राने स्वतःला पोटभर पाहिलं. मग शेजारी गाल फुगवून बसलेल्या राणीकडे पाहिलं, आणि आपलेही गाल फुगवले. आरशात एक काळा, एक गोरा, असे दोन चेहरे रुसले होते, हुबेहूब एकसारखे.

साळुंकी खिडकीत येऊन बसली.

"हिची आई अशी रुसते," ती म्हणाली.