शिवराईचा रंग

फार वर्षांपूर्वी, जुनी नाणी जमवणाऱ्या वेणूताई इंगवल्यांच्या लाकडी पेटीत एक शिवराई आणि एक ढब्बू पैसा शेजारी शेजारी राहत होते. दोघंही तांब्याची. शिवराईचा रंग खजुरासारखा गडद झाला होता. ढब्बूला मात्र कुणीतरी चिंच लावून लख्ख घासलं होतं. पेटी उघडली की पाहुणे म्हणत, "काय सुंदर रंग चढलाय या शिवराईला!" ते ऐकून ढब्बूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके दुपारी पेटी जमिनीवर उघडीच राहिली. ढब्बू घरंगळत, किड्यामुंग्यांसाठी कपाटाखाली ठेवलेल्या गंधकाच्या खड्याकडे गेला. "मला तिच्याहून गडद कर," तो म्हणाला.

"रंग देईन," खडा म्हणाला, "पण तिची वर्षं कुठून देऊ?"

"वर्षं कुणाला दिसतात? रंग दे."

संध्याकाळी ढब्बू जांभळा-काळा होऊन ऐटीत परतला. वेणूताईंनी त्याला उचलून नाकाशी नेलं. "गंधकाचा वास! खरा रंग खाचेत गडद असतो, उंचवट्यावर फिका. हा तर सगळीकडे सारखाच फासलाय!" त्यांनी त्याला पेटीच्या कोपऱ्यात टाकलं.

"तुला काय, सगळं आयतं मिळालं," ढब्बू शिवराईवर चिडला.

"मलाही एकदा चिंचेनं घासलं होतं," शिवराई हळूच म्हणाली. "तुझ्याही कडेला तपकिरी रंग धरू लागला होता. मी रोज बघायचे. तू मात्र सारखा माझ्याकडेच बघत होतास."