ससाण्याची फांदी

डोकं खाऊ नका, सांगतो. मध्ये बोललात तर उठून जाईन.

फार मागे सात रानांची गाण्याची स्पर्धा भरायची. एका रानातून एकच गवई जायचा. ज्याला पाठवायचं त्याच्या फांदीवर पाखरांनी जाऊन बसायचं, अशी रीत. त्या वर्षी दयाळ पक्षी उभा होता आणि ससाणाही. दयाळाचा गळा गोड. ससाण्याला नुसतं किंचाळता यायचं, पण त्याला नख्या होत्या.

सगळी पाखरं ससाण्याकडे गेली. जाताजाता बुलबुल पुटपुटली, "गळा तुझाच रे दयाळा, पण मान माझी जाईल!"

ससाण्याने एकट्या उरलेल्या दयाळाला विचारलं, "आणि तू कुणाचा रे?"

दयाळाने त्याच्या नख्यांकडे पाहिलं. आपली फांदी सोडून तोही ससाण्याच्या फांदीवर जाऊन बसला.

स्पर्धेत बाकीची सहा रानं पोट धरून हसली. ससाणा परतला तो पिसं फुलवूनच. "माझं हसं करायला मला पाठवलं कुणी? कोण बसलं होतं या फांदीवर?"

"हा बसला! सगळ्यात शेवटी हाच बसला!" पाखरं एका सुरात ओरडली.

ससाणा जवळ सरकला. दयाळ आपल्या रिकाम्या फांदीकडे बघत राहिला.

झाली गोष्ट. भजनी मंडळाच्या निवडीत माझ्यासाठी वर केलेला हात ज्याने खाली घेतला, त्याने अजून माझी माफी मागितलेली नाही. सांगणारा, रखमाजी घोगरे.