चांद्याचं नवं घर

कोण्या एके काळी, नदीच्या वळणावर एक म्हातारा नावाडी राहत होता. लहानथोर सगळे त्याला तात्या म्हणत. घरात दुसरं माणूस नव्हतं. होता तो चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला काळा कुत्रा.

चांद्या एका पुरात ओंडक्यावर बसून वाहत आला होता. तेव्हा तात्याची बायको हयात होती. तिनं त्या पिल्लाला पदरानं पुसलं, चुलीपाशी ठेवलं आणि बोटानं दूध चाटवलं. पुढे तो नावेच्या टोकाशी ऐटीत उभा राहून ये-जा करू लागला. पलीकडच्या काठावरची मुलं तात्याच्या आधी त्यालाच हाक मारायची. बायको गेली त्या वर्षी तर तात्या आणि चांद्या एकाच भाकरीतले दोन वाटे करून जेवायचे.

पण आता तात्याचे हात वल्ह्याला पुरेनासे झाले. पलीकडच्या गावाहून लेक न्यायला आली.

"तात्या, आता एकटं राहायचं नाही," ती म्हणाली. मग मान खाली घालून बोलली, "पण चांद्याला नेता यायचं नाही. धाकटीला कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. मागे पोर हातची जाता जाता वाचली."

तात्यानं चांद्याच्या पाठीवरून हात फिरवला. नातीवर रागवायचं तरी कसं? आणि चांद्याला काय सांगायचं?

"तू पुढे हो," शेवटी तो म्हणाला. "मी याची सोय लावून येतो."

शेजारचा परीट म्हणाला, "लांबच्या बाजारात सोडून द्या की. कुत्र्याची जात, कुठंही पोट भरेल."

"पोट भरेल रे. पण तो वाट बघत बसेल, त्याचं काय?"

गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याला राखणीला कुत्रा हवा होता. तात्या तिकडे निघाला तेव्हा परिटानं बजावलं, "त्याच्या खोड्या सांगत बसू नका हं." पण तात्यानं सगळं सांगून टाकलं. "वीज कडाडली की हा घाबरून पळत सुटतो. मासळी दिसली की चोरतो. पण माणसाला कधी दात लावला नाही."

व्यापारी हसला. "काही हरकत नाही. साखळीला बांधून ठेवू, म्हणजे पळायचा नाही."

दाराशी आखूड साखळी पडली होती. ती बघून तात्या चांद्याला घेऊन माघारी फिरला.

"आता कोण घेणार त्याला?" परीट वैतागला.

नदीकाठी पेरूच्या बागेत एक माळीण राहायची. तिचं म्हातारं कुत्रं हिवाळ्यात गेलं होतं. तात्यानं तिलाही चांद्याच्या सगळ्या खोड्या सांगितल्या.

"मासळी मी शिंक्यावर ठेवीन," ती म्हणाली. "पण घाबरला की जातो कुठं?"

"माझ्या उपड्या नावेखाली शिरतो. ओढू नकोस. हळू बोलत बस, आपणच बाहेर येतो."

"आणि तुमची आठवण काढून जेवला नाही तर?"

तात्याचे डोळे भरून आले. हे कुणी विचारलंच नव्हतं.

तरी त्यानं चांद्याला लगेच सोडलं नाही. तो रोज त्याला बागेत न्यायचा. दोघं तिथंच जेवायचे. हळूहळू भाकरी माळणीच्या हातून जाऊ लागली, तात्या थोडा लवकर उठू लागला. एका संध्याकाळी तो निघाला, तर चांद्या पेरूच्या सावलीत निवांत झोपलेला. दुसऱ्या दिवशी तात्यानं बायकोच्या जुन्या लुगड्याची गोधडी माळणीच्या हाती दिली, चांद्याचं डोकं कुरवाळलं आणि लेकीकडे गेला.

पावसाळ्यात एकदा विजा कडाडल्या आणि चांद्या दिसेनासा झाला. "गेला मालकाच्या मागं," लोक म्हणाले. माळीण तशीच भिजत घाटावर गेली आणि तात्याच्या उपड्या नावेपाशी बसून हळू हळू बोलत राहिली. बऱ्याच वेळानं नावेखालून एक ओलं नाक बाहेर आलं.

पेरूला बहर आला तेव्हा तात्या भेटीला आला. चांद्यानं त्याच्या छातीवर पाय ठेवले आणि लहान पोरासारखं रडून घेतलं. दिवसभर तो तात्याच्या पायाशीच होता. संध्याकाळी घाटापर्यंत सोबतही आला. हा आता नव्या नावाड्याच्या नावेत उडी मारतो की काय, म्हणून तात्याचा जीव खालीवर झाला.

इतक्यात बागेतून हाक आली, "चांद्याऽऽ!"

चांद्यानं तात्याचा हात चाटला. क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग शेपूट उंच करून तो बागेकडे धावत सुटला.

नाव मधोमध आली तरी तात्या मागेच बघत होता. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "विसरला वाटतं तुम्हाला?"

"नाही बाई," तात्या डोळे पुसत हसला. "त्याला घर आहे, म्हणून गेला."

तात्पर्य एवढंच, की जीव लावलेल्या मुक्या प्राण्याला कधी दूर करावंच लागलं, तर त्याला सोडून देऊ नये, खरं काय ते सांगून प्रेमाच्या माणसाच्या हाती सोपवावं.