टेकडीच्या पाण्याची दुसरी फाइल

एका नगरपालिकेत नळाला पाणी सोडण्याच्या वेळा संगणक सांभाळायचा, आणि संगणकाला हंसाताई गव्हाणे. संगणकाची प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या मूळ फाइलला त्या बोटही लावत नसत. टेकडीवरच्या वस्तीला अर्धा तास जास्त, असले गावापुरते बदल त्या वेगळ्या फाइलीत लिहीत. संगणक आधी मूळ फाइल वाचे, मग बदलांची, आणि बदल खरे मानी. कंपनी दर सहा महिन्यांनी मूळ फाइल नवी बसवत असे. पूर्वी एकदा बदल तिच्यातच लिहिलेले होते. ते पुसले गेले आणि टेकडी चार दिवस कोरडी राहिली.

नवे मुख्याधिकारी निंबकर साहेब मोठे कडक.

"एका कामाला दोन फाइली? काय हा गबाळेपणा! आजच सगळं मूळ फाइलीत घाला, नाहीतर मेमो देतो."

हंसाताईंना टेकडीवरचे रिकामे हंडे दिसू लागले.

"घालते, साहेब. आधी एवढं करा." त्यांनी आठवडी बाजाराचा सहीशिक्क्याचा आदेश पुढे ठेवला. "यात बाजाराचा वार चुकलाय. तेवढा खोडून नीट लिहा."

साहेब ताडकन उठले. "मूळ आदेशावर खाडाखोड? नोकरी घालवता का माझी? मूळ कागद तसाच ठेवायचा, बाई! दुरुस्तीचं शुद्धिपत्रक वेगळं काढायचं आणि सोबत जोडायचं."

"माझी दुसरी फाइल म्हणजे तेच शुद्धिपत्रक, साहेब."

साहेब खाली बसले. म्हणाले, "मग हे असं समजावून सांगायचं नाही का?"

"तुमच्याइतकं नीट मला कुठं सांगता आलं असतं, साहेब?"