बंद दार आणि श्रीरंग

कऱ्हाडजवळच्या एका गावात श्रीरंग नावाचा एक हुशार आणि तितकाच उतावळा माणूस राहत असे. त्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घालून त्याचा सर्व्हर केला होता. तो रात्रंदिवस चालू असे. घरची सगळी कागदपत्रे, फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट त्यात ठेवलेले असत. श्रीरंग कुठल्याही गावी असला तरी लॅपटॉपवरून ते उघडू शके.

एकदा त्याच्या आईला श्वासाचा त्रास सुरू झाला. श्रीरंग आणि त्याचा थोरला भाऊ जयवंत तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तपासणीत फुप्फुसावर एक डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, "पूर्वीचा स्कॅन असेल तर दाखवा. डाग जुनाच असेल तर ऑपरेशनची गरज नाही. नवा असेल तर थांबून चालणार नाही."

जुना स्कॅन सर्व्हरवर होता. श्रीरंगने लॅपटॉप उघडला. पण सर्व्हर काही केल्या त्याला आत घेईना.

घरी जयवंतची बायको, सुमेधावहिनी, एकटीच होती. श्रीरंगने तिला फोन लावला. "वहिनी, केर काढताना तुमच्याकडून एखादी वायर निघाली असणार."

"मी त्या खोलीत गेलेच नाही, भाऊजी. पण बघते."

वायर जागच्या जागी होती. कॉम्प्युटर चालू होता, दिवे लुकलुकत होते, घरातले इंटरनेटही नीट चालत होते. श्रीरंगने तिला राउटर बंद करून पुन्हा चालू करायला लावला. मग सर्व्हर. मग सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचायला लावल्या. एक झाले की लगेच दुसरे सांगे आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज चढे. "तुम्ही नक्की कशाला तरी हात लावलाय," तो म्हणाला.

वहिनी शांतपणे म्हणाली, "बरं, लावला असेल. पण मला सांगा, हे शेवटचं कधी नीट चाललं होतं?"

"रविवारी."

"त्यानंतर यात काय बदललं?"

श्रीरंग रविवारी काय काय केले ते आठवू लागला. रविवारी त्यानेच सर्व्हरवर फायरवॉल चालू केली होती. चोरांनी बाहेरून आत शिरू नये म्हणून त्याने सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. स्वतःसाठी एक वाट मोकळी ठेवायला मात्र तो विसरला होता. त्या वेळी तो आधीपासूनच सर्व्हरशी जोडलेला होता, म्हणून चूक कळली नाही.

सर्व्हरला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून त्याने वहिनीला तो टीव्हीला जोडायला सांगितला. कीबोर्डवर काय टाइप करायचे ते एकेक अक्षर सांगितले. वहिनीने वाट मोकळी करणारी एक ओळ लिहिली आणि श्रीरंगच्या लॅपटॉपवर सर्व्हर उघडला.

"काय झालं होतं?" वहिनीने विचारले.

लाइनच खराब होती, असे म्हणून मोकळे होता आले असते. ते खोटे कोणालाच कळले नसते. पण श्रीरंग म्हणाला, "वहिनी, वाट मीच बंद केली होती. आणि उगाच तुम्हाला बोललो. माझं चुकलं."

"सापडलं ना? मग आधी आईंचा स्कॅन डॉक्टरांना दाखवा. माझ्याशी काय बोलायचं ते घरी येऊन बोला."

डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून पाहिले. डाग जुनाच होता, तिळभरही वाढला नव्हता. औषधे घेऊन आई घरी परतली.

घरी आल्यावर श्रीरंगने सर्व्हरवर वहिनीच्या नावाने खाते उघडले आणि शेजारी बसून तिला सगळे समजावून सांगितले. या वेळी त्याचा आवाज एकदाही चढला नाही.

तात्पर्य: काही बिघडले की दुसऱ्याने काय केले हे विचारण्याआधी आपण काय बदलले ते आठवावे, आणि चूक आपली निघाली, तर ज्याच्यावर संशय घेतला त्याला ती आपल्याच तोंडाने सांगावी.