काढून ठेवलेला हार

वेणूताई तांबट दोन वर्षं गावाच्या उकिरड्यांवर कॅमेरा घेऊन फिरल्या. दात पडलेली फणी, कान तुटलेला कप, अंगठा तुटलेली चप्पल, असे चाळीस फोटो त्यांनी नगरपालिकेच्या सभागृहात लावले आणि उद्घाटनाला नगराध्यक्ष तात्यासाहेबांना बोलावलं.

स्वागताचा हार गळ्यात पडला. रीतीप्रमाणे तात्यासाहेबांनी तो लगेच काढून टेबलावर ठेवला आणि भिंतींकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, ही कसली कला? माणसानं वस्तू टाकली की तिची किंमत संपली. संध्याकाळपर्यंत हे सगळं उतरवा."

वेणूताईंची नजर टेबलावर गेली. हाराची फुलं अजून ओली होती. त्यांनी तो अलगद उचलला.

"उतरवते, साहेब. पण हा हार तुम्ही घातल्याबरोबर काढून टाकलात. मग गावानं दिलेल्या मानाचीही किंमत संपली, असं समजायचं का?"

हो म्हणावं तर समोर सगळं गाव बसलेलं, नाही म्हणावं तर फोटो भिंतीवर राहणार. तात्यासाहेबांनी मान खाली केली, हार पुन्हा घालून घेतला आणि फणीच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"ही कुणाची असेल हो, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.